बोर्डीचे अंगण : बालवाडीच्या जन्माचा इतिहास

मूल म्हणजे मातीचा गोळा, आकार द्यावा तसा तो घडतो, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. हे वचन ऐकायला गोड आहे. तथापि त्यात एक उणीव राहते. मातीच्या गोळ्याला प्रश्न पडत नाहीत, त्याला सवंगडी लागत नाही आणि ‘मी माझे माझे करीन’ असा हट्टही तो धरीत नाही. तीन वर्षांचे मूल मात्र या तिन्ही गोष्टी दिवसभर करीत असते. जिज्ञासा, मैत्री आणि स्वावलंबन ही बालवयाची तीन लक्षणे ओळखून त्यांच्या पायावर शिक्षण उभे करण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात झाला. आज देशभर रूढ झालेले ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे शब्द त्याच प्रयोगाने दिले. याची जाणीव कोपर, डोंबिवली, कल्याण परिसरातील पालकांना अभावानेच असते.

कोपर स्थानकाची रचना दुमजली आहे. खालच्या फलाटांवरून मुंबई-कल्याण लोकल धावतात, तर वरच्या पुलावरून दिवा-वसई मार्ग जातो. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्थानके घेत हा मार्ग वसईला पश्चिम रेल्वेस मिळतो. तेथून उत्तरेकडे विरार, पालघर, डहाणू रोड आणि पुढे घोलवड. घोलवडलगत समुद्रकाठी बोर्डी हे गाव व जवळच कोसबादची टेकडी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी कोपर आणि कोसबाद यांचा जिल्हा एकच होता. म्हणूनच हा इतिहास आपल्याला परका नाही.

रोमहून भावनगरपर्यंत

बालशिक्षणाचा आधुनिक विचार युरोपात जन्मला. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्यानंतर इटलीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ‘बालगृह’ सुरू केले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या, जिन्यांतून व रस्त्यांवर हुंदडणाऱ्या मुलांसाठी ते होते. पुढे श्रीमंतांची म्हणून ओळखली गेलेली ही पद्धती मुळात गरिबांच्या मुलांमध्ये जन्मली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हा विचार पश्चिम भारतात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांच्याकडे जाते. १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ येथे जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील होते. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि त्याला कसे वाढवावे या चिंतेतून त्यांनी मॉन्टेसरींचे लेखन वाचले. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी नाही, शिक्षा नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. गोष्टी, गाणी, नाटुकली आणि मोकळे काम, असे त्या बालमंदिराचे स्वरूप होते. मुलांत रमणाऱ्या या भरघोस मिशांच्या गृहस्थाला गुजरातने ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई ही पदवी प्रेमाने बहाल केली.

ताराबाई मोडक याच बालमंदिराकडे आकर्षित झाल्या. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणातील केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना लाभले होते. त्या काळी भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती. ते मानाचे पद सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला आल्या व सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंच्या सहकारी म्हणून राहिल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने ‘नूतन बाल शिक्षण संघ’ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्यांचे नियतकालिक गुजरातीत आणि मराठीतही निघू लागले. गुजराती गृहस्थ आणि मराठी विदुषी यांच्या या सहकार्यातून दोन्ही भाषांतील बालशिक्षण उभे राहिले. ज्या वस्त्यांत आज या दोन्ही भाषा एकाच जिन्यावर बोलल्या जातात, त्यांनी या सख्याचा अभिमान बाळगावा.

दादरची शाळा आणि एक हिशेब

१९३६ साली ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘शिशुविहार’ सुरू केले. तेथे शिक्षिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले. नाव झाले, मान मिळाला. परंतु त्यांच्या मनात एक हिशेब जुळत नव्हता. मॉन्टेसरी साधने सुबक, मापात कातलेली आणि त्यामुळे महागडी असत. ती विकत घेऊ शकणारी शाळा शहरातच निघणार, तिची फी भरू शकणारा पालक सुस्थितीतलाच असणार. देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. जे भांडवल मूठभरांच्याच उपयोगी पडते, त्याला राष्ट्राचे शिक्षण कसे म्हणावे?

याच सुमारास महात्मा गांधींच्या नई तालीमचा विचार विस्तारत होता. १९३७ साली वर्ध्याला मांडलेली ही योजना आरंभी सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर तिच्यात त्याआधीच्या वयाचा, म्हणजे पूर्व-बुनियादी शिक्षणाचाही समावेश झाला. त्याच वर्षी ताराबाईंनी शहरातील जमलेले काम मागे ठेवून बोर्डीस ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’ सुरू केले. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या.

येथेच त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असा त्या काळच्या असंख्य मुलींच्या वाट्याला आलेला भोग त्यांच्याही वाट्याला आला. त्यांनी मात्र शिक्षणाची कास धरली आणि नाशिक जिल्ह्यात व पुढे पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले. ३५ व्या वर्षी शहरातील स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या आणि उरलेले सारे आयुष्य याच भूमीत राहिल्या.

अंगणातील शाळा

१९४५ च्या अखेरीस तेव्हा हरिजनवस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दलित वस्तीत बालवाडीचे काम सुरू झाले. मुले आपणहून येत नसत. पालकांना या शाळेचे प्रयोजन कळत नव्हते; तीन वर्षांच्या पोराला काय शिकवणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. कार्यकर्त्या घरोघर जाऊन मुले गोळा करीत, त्यांना अंघोळ घालीत, नखे कापीत, केस विंचरीत आणि मग गाणी-गोष्टी सुरू होत. शिक्षिकेच्या कामाची सुरुवात फळा-खडूने न होता पाण्याच्या बादलीने झाली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

‘बालवाडी’ हा शब्दही येथे मोठा अन्वर्थक ठरला. डहाणू-बोर्डीच्या पट्ट्यात वाडी म्हणजे फळझाडांची बाग. घोलवडचा चिकू प्रसिद्धच आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाडी राखणारा माणूस जाणतो की कलमाला पाणी द्यावे, आळे करावे, गुरांपासून राखावे. फांदी ओढून झाड लवकर वाढत नाही. फ्रोबेलची बाग या मातीत आली ती असे अस्सल देशी नाव घेऊन.

पुढे असे दिसून आले की दूरच्या पाड्यांवरील मुले मध्यवर्ती बालवाडीत येऊ शकत नाहीत. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा साधा निर्णय झाला. सारवलेले अंगण, झाडाची सावली आणि शिक्षिकेच्या पिशवीतील साहित्य एवढ्यावर वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी. इमारत नाही म्हणून शाळा अडली नाही आणि आई घरकाम करता करता पोराचे शिकणे डोळ्यांनी पाहू लागली. पालकांना व्याख्यान देऊन जे पटले नसते ते अंगणाने पटविले.

जिज्ञासा, मैत्री, स्वावलंबन

या शाळेत प्रत्यक्ष काय होत असे आणि त्यामागे कोणते शास्त्र होते, ते पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम जिज्ञासा. मॉन्टेसरींच्या साधनांत एक लाकडी ठोकळा असतो. त्यात उतरत्या आकाराची दहा भोके आणि त्यांत बसणाऱ्या दहा दट्ट्या असतात. एखादी दट्टी चुकीच्या भोकात गेली, तर अखेरीस एक दट्टी उरते आणि ती कोठेच बसत नाही. चूक मुलाला साधनच सांगते. मोठ्या माणसाने रागावण्याची गरज उरत नाही. मूल सारे दट्टे बाहेर काढते व पुन्हा मांडते. चूक ही लाजेची बाब न राहता शोधाची बाब होते. बोर्डीस महागड्या ठोकळ्याऐवजी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, माती व बांबू आले. लहानापासून मोठ्यापर्यंत शिंपले मांडणे, सारख्या बिया निवडणे, पानांच्या कडा बोटांनी चाचपणे यांतून तेच तत्त्व जपले गेले. साधन बदलले, शास्त्र बदलले नाही. अस्सल माल कोणता आणि वेष्टन कोणते, हे ज्याला ओळखता येते त्यालाच असा बदल साधतो.

दुसरी मैत्री. मॉन्टेसरी पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात असतात आणि प्रत्येक साधन एकच ठेवलेले असते. वरवर पाहता ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात ती योजना आहे. दुसऱ्याच्या हाती असलेल्या वस्तूसाठी थांबावे लागते, ती परत जागेवर ठेवावी लागते, आणि पाच वर्षांचे मूल तीन वर्षांच्या मुलाला कसे करायचे ते दाखवू लागते. ‘वाटून घ्यावे’ असा उपदेश शंभरदा करून जे साधत नाही, ते एकच वस्तू असल्याने आपोआप साधते. बोर्डीच्या परिसरात या मैत्रीला आणखी एक परिमाण होते. जातिभेदाने विभागलेल्या गावात वस्तीवरच्या मुलांना शिक्षिकेने आपल्या हाताने न्हाऊ घालणे आणि मांडीवर घेणे, हा मुलांसाठी व पाहणाऱ्या मोठ्यांसाठीही शब्दांविना दिलेला पाठ होता.

तिसरे स्वावलंबन. गुंड्या लावणे, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता पाणी ओतणे, छोट्या केरसुणीने झाडणे, आपली चटई आपण गुंडाळणे, या कृती बालशाळेत अभ्यासाच्याच मानल्या जातात. त्यांतून बोटांना वळण लागते, मन एका कामावर ठरते आणि ‘मला येते’ हा विश्वास येतो. पेन्सिल पेलण्याची ताकद बोटांत येते ती मातीत, मण्यांत आणि पाण्यात खेळून.

कोसबादने शिकविलेला धडा

१९५७ मध्ये संस्थेचे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले आणि वारली आदिवासींचे जग हेच कार्यक्षेत्र झाले. हा समाज वेठबिगारीत पिचलेला होता. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याने या जुलमाविरुद्ध लढा उभारला होता. अशा घरांतील मुले शाळेत येणे सोपे नव्हते. पाच-सहा वर्षांचे मूल गुरे राखी, लाकूडफाटा आणी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी.

येथे पुस्तकातील शास्त्राला एक नवाच प्रश्न पडला. शहरातील मुलाला स्वावलंबन शिकवावे लागते, कारण त्याला घास भरविणारे, बूट घालणारे हात घरात तयार असतात. वारली मुलाकडे स्वावलंबन वयाच्या मानाने फार लवकर आणि फार जड होऊन आलेले होते. त्याला उणीव होती ती खेळाची, सवंगड्यांची आणि प्रश्न विचारायला सवड देणाऱ्या मोठ्या माणसाची. म्हणजे जिज्ञासा, मैत्री व स्वावलंबन या तिन्हींचा तोल प्रत्येक मुलाच्या परिस्थितीनुसार निराळा साधावा लागतो. एकाच मापाचा कपडा सर्वांना बेतता येत नाही.

ताराबाई आणि अनुताई यांनी यावर काढलेले उपाय साधे आणि अचूक होते. भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी बहीण शाळेत येत नाही ना, मग शाळेच्या शेजारीच पाळणाघर. गुरे सोडून येता येत नाही ना, मग गुरांमागे कुरणात जाणारी ‘कुरणशाळा’. गुरे चरत असताना झाडाखाली गाणी, गोष्टी, मोजणी व अक्षरओळख चाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या योजनेला ‘विकासवाडी’ हे नाव मिळाले. मुलांच्या बोलीला हसण्याऐवजी तिला वर्गात स्थान मिळाले, कारण ज्या भाषेत मुलाला प्रश्न पडतो त्या भाषेत त्याला तो विचारता आला पाहिजे.

या कार्याबद्दल ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ साली पद्मश्री प्राप्त झाली. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबादची धुरा वाहिली. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनात या सर्व काळाचे प्रांजळ चित्र आढळते.

नाव राहिले, अंगण राहिले का?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका तालुक्यातील पाड्यांवर घडलेला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोहोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालेयपूर्व शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. २ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला ५० वर्षे पूर्ण झाली. सुवर्णमहोत्सव हा गौरवाचा असतो, तसाच ताळेबंद मांडण्याचाही असतो.

जमेची बाजू मोठी आहे. कुपोषणाविरुद्धच्या लढाईत अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनी केलेले काम कोणीही नाकारणार नाही. तथापि सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा मागे पडली. वजने, नोंदवह्या, आहारवाटप, सर्वेक्षणे या कामांतून उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी करायच्या, आणि तेही वेतन न म्हणता मानधन म्हणून मिळणाऱ्या रकमेवर. सामान्य जनांच्या मनात अंगणवाडी म्हणजे खाऊचे केंद्र अशीच प्रतिमा झाली. ही उणीव ओळखून २०२३ साली शासनाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम हाती घेतला आहे.

दुसऱ्या बाजूला शहरातील शिशुवर्ग आहेत. तेथे रंगीत भिंती आहेत, खेळणी आहेत, गणवेश आहेत. पण पालकाचा पहिला प्रश्न असतो तो, मूल लिहू कधी लागेल? साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल येते, वहीत रेघोट्यांचा गृहपाठ येतो आणि शेजारच्या मुलाशी तुलना सुरू होते. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. तरीही मनातील चाचणी थांबलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृती यांवर भर दिला. ताराबाईंनी आठ दशकांपूर्वी बोर्डीच्या अंगणात जे केले, तेच आज देशाचे धोरण म्हणून लिहिले गेले आहे.

अशा रीतीने एकाच घराच्या दोन वाटण्या झाल्या. गरिबाच्या मुलाला आहार मिळाला, पण प्रश्न विचारायला सवड मिळाली नाही. सुस्थितीतल्या मुलाला वही मिळाली, पण माती, सवंगडी आणि स्वतः बूट घालण्याइतका वेळ मिळाला नाही. बोर्डीच्या बालवाडीत बादली आणि शिंपले, अंघोळ आणि गोष्ट, पोषण आणि शिक्षण एकाच हाताने दिले जात होते. ते एकत्र होते म्हणूनच त्यातून काही घडले.

आपल्या वस्तीपुरते

कोपरसारख्या वस्तीत अंगणे उरली नाहीत. चाळींच्या जागी इमारती आल्या, दारापुढे वाहने उभी राहिली. आईवडील दोघेही सकाळची लोकल गाठतात. अशा वेळी अंगण जागेत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावे लागेल. इमारतीची गच्ची, सोसायटीचे कार्यालय, देवस्थानांची व समाजाची सभागृहे सकाळच्या वेळी मुलांसाठी खुली होऊ शकतात. निवृत्त आजी-आजोबांच्या गोष्टींना भाडे पडत नाही. एक टोपली शिंपले, एक परात माती, एक छोटी केरसुणी एवढ्या भांडवलावर आरंभ करता येतो. निरनिराळ्या भाषांच्या घरांतील मुले तेथे एकत्र आली, तर भावनगर आणि बोर्डी यांच्यातील जुने सख्य आपल्या जिन्यावर पुन्हा नांदेल. परिसरातील अंगणवाडी सेविकेस आदराने बोलावून तिच्या अनुभवाचा लाभ घ्यावा आणि तिच्या केंद्राला काय हवे, हेही विचारावे.

घरातही फार काही करावे लागत नाही. मुलाने ‘का’ विचारले की ‘गप्प बस’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावे. दोन मुले एका खेळण्यावरून भांडली की लगेच दुसरे खेळणे विकत आणू नये. शर्टाची गुंडी लावायला त्याला पाच मिनिटे लागत असतील, तर ती पाच मिनिटे आपण आपल्या घाईतून काढून द्यावीत. मोठ्यांच्या जमाखर्चात ही पाच मिनिटे तोट्याची दिसतील. मुलाच्या खात्यावर मात्र ती कायमची जमा होतात.